संशयाचा पुरावा

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांची नजर आपोआप पानिपताकडे, रायगडाकडे, नाहीतर नाना फडणिसांच्या दफ्तराकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु ज्या दफ्तरांतून स्वाऱ्या आणि तह बाहेर येतात, त्याच दफ्तरांत नवरा-बायकोच्या तक्रारीही बांधून ठेवलेल्या आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. आज आम्ही त्या दुसऱ्या प्रकारच्या कागदांकडे वळणार आहोत. विषय आहे प्रौढ संसारात शिरणाऱ्या संशयाचा, आणि निमित्त आहे महेश मांजरेकर यांनी २००० साली लिहून दिग्दर्शित केलेल्या ‘अस्तित्व’ या चित्रपटाचे. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तो एकदमच तयार झाला, आणि त्या वर्षीचा मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. चित्रपट हा इतिहासाचा विषय कसा, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच, की सव्वाशे वर्षे मराठी रंगभूमी जो एक खटला पुन्हापुन्हा चालवीत आली, त्याची ही अलीकडची तारीख आहे.

चित्रपटाची मांडणी साधी आहे. श्रीकांत पंडित आणि अदिती हे सुस्थितीतले जोडपे. लग्नाला पाव शतक उलटून गेलेले, मुलगा अनिकेत हाताशी आलेला, त्याचे लग्न ठरत आलेले. घरी जुने स्नेही आले आहेत, गप्पा चालू आहेत, आणि अशा वेळी टपालाने अदितीच्या नावाचा एक लखोटा येतो. मल्हार कामत नावाचे कोणी गृहस्थ वारले असून त्यांनी आपली सारी मालमत्ता अदितीला ठेवली आहे. हे मल्हार कामत म्हणजे कधीकाळी अदितीला गाणे शिकवायला येणारे मास्तर. एवढ्या वर्षांत त्यांचे नावही घरात निघालेले नाही. मग त्यांनी आपले सर्वस्व हिलाच का द्यावे? श्रीकांत उठतो आणि आपल्या जुन्या रोजनिश्या काढतो.

या रोजनिश्यांपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत. पुढे काय निघाले ते सांगण्याआधी, नवऱ्याला असा झडती घेण्याचा हक्क आला कोठून, हे पाहिले पाहिजे.

तो हक्क फार जुना आहे. माहूरच्या रेणुकेची कथा इथल्या घराघरांत ठाऊक आहे. नदीवर गेलेल्या रेणुकेची नजर जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजावर पडली आणि मन क्षणभर विचलित झाले, एवढाच तिचा अपराध. जमदग्नीने तो तिच्या चेहऱ्यावरून ओळखला. साक्षीदार नाही, वस्तू नाही, कृतीही नाही. चार मुलांनी आईवर शस्त्र उचलण्याचे नाकारले, परशुरामाने बापाची आज्ञा पाळली. पुढे वर मागताना परशुरामाने आई जिवंत व्हावी एवढेच मागितले नाही. आपला वध झाला हे तिला आठवू नये, असेही त्याने मागून घेतले, असे महाभारत सांगते. कथाकीर्तनांत आज्ञापालनाचा भाग रंगवून सांगतात आणि हा विस्मरणाचा वर घाईने उरकतात. आम्हाला तर त्या वरातच मुलाचे सारे मन दिसते.

पुराण सोडून पेशवाईत आलो, तर तिथे अपराधाला नाव आहे, ‘बदअंमल’. अशा प्रकरणांत पुरुषाला बहुधा दंड होई. स्त्रीची गत निराळी होती. तिला कैद करून किल्ल्यावर किंवा सरकारी कारखान्यात बटीक म्हणून कामाला लावीत. जातीतून बाहेर टाकणे आणि प्रायश्चित्त देऊन परत घेणे हेही चालूच असे. म्हणजे अपराध दोघांनी मिळून केला, तरी एकाचे पैसे जात आणि दुसरीचे माणूसपण जाई.

मग इंग्रजांचा कायदा आला, आणि कागदावर तरी हे उलटे झाले. मेकॉलेने १८३७ साली दंडसंहितेचा जो पहिला मसुदा केला, त्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. पुढच्या विधी आयोगाने तो घालायला सांगितला, आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९७ म्हणून तो आला. त्या कलमाची घडण नीट समजून घेण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून किंवा त्याने कानाडोळा केल्यावाचून, जो पुरुष संबंध ठेवील तो गुन्हेगार. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. बायकोला शिक्षा नाही, अपराधाला साहाय्य केल्याचीही नाही. हे ऐकून कोणाला वाटेल, वा, स्त्रीवर केवढी दया! पण ‘नवऱ्याच्या संमतीवाचून’ या शब्दांत सगळे आले. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. याचा अर्थ गुन्हा होता तो नवऱ्याच्या मालकीत शिरण्याचा. फिर्यादही त्याच्याच बाजूने व्हायची. बायकोने नवऱ्यावर असली फिर्याद करावी, अशी सोय त्या कलमात नव्हती. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी, विधवेशी किंवा नायकिणीशी संबंध ठेवला, तर त्या कलमाच्या लेखी काहीच घडले नव्हते.

ही संहिता १८६२ पासून अंमलात आली. पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंजारराव’ केला. त्या नाटकाची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून ती फार सांगत नाही. ऑथेल्लो काय किंवा झुंजारराव काय, वयाने पुढे गेलेला, पराक्रमी, आणि आपल्याला अशी बायको मिळाली यावर मनातून पुरता विश्वास न बसलेला माणूस. इयागोने, इकडे जाधवरावाने, त्याच्या कानात विष घातले आणि बायकोजवळून हरवलेली एक क्षुल्लक वस्तू दुसऱ्याच्या हाती आहे एवढ्यावर निकाल लागला. देवलांच्या कमळजेला बाजू मांडण्याची संधी मिळत नाही. या नाटकात संशय घेणारा एकच, न्यायाधीश तोच आणि मारेकरीही तोच. शोकांतिकेतही मालकी नवऱ्याचीच राहिली.

परंतु त्याच देवलांनी तीनच वर्षांनी एक वेगळी वस्तू लोकांपुढे ठेवली, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासात तिचे महत्त्व अधिक आहे. १८९३ चे ते गद्य नाटक म्हणजे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. आयुष्याच्या अखेरीस देवलांनी त्यालाच पदे घालून ‘संशयकल्लोळ’ केले. १९१६ च्या जूनमध्ये ते वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांच्या आठवणी पुढच्या दोन पिढ्या सांगत राहिल्या. मूळ कल्पना देवलांची नव्हे. फ्रान्सात मोलिएरने १६६० साली ‘स्गानारेल’ हे छोटे प्रहसन लिहिले. त्यावरून इंग्लंडात आर्थर मर्फीने १७६१ मध्ये पाच अंकी नाटक केले, आणि तिथून ते देवलांकडे आले. परंतु महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे पात्रांना देऊन त्यांनी ते असे आपले करून टाकले, की फाल्गुनराव पॅरिसहून आला आहे हे सांगितले तर आजही प्रेक्षकाला खरे वाटणार नाही.

घोटाळा असा. अश्विनशेठने आपली तसबीर रेवतीला दिली आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमके हे त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तिच्याकडे पाहत असता फाल्गुनराव तिला पाहतो. झाले! बायकोला वाटते नवरा रेवतीच्या नादी लागला. नवऱ्याला वाटते बायकोचा जीव तसबिरीतल्या तरुणावर जडला. दोघांजवळ पुरावा आहे, दोघांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि दोघांचाही निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

या प्रसंगात हसू येते ते जुळणीमुळे. पण त्या जुळणीत एक गोष्ट अशी आहे, जी हसण्याच्या भरात निसटून जाते. कृत्तिकाही संशय घेते. झुंजाररावाच्या घरात जो अधिकार एकट्या नवऱ्याला होता, तो इथे बायकोच्या हाती तितकाच आहे. ती रडत बसत नाही; ती पाळत ठेवते, जाब विचारते, पुरावा जपून ठेवते. आता हेच प्रकरण त्या काळच्या कोर्टात नेले असते तर काय झाले असते ते पाहा. फाल्गुनरावाला अश्विनशेठवर कलम ४९७ खाली फिर्याद करता आली असती. कृत्तिकेला मात्र कोणावरही करता आली नसती. नवऱ्यावर नाही, कारण रेवती कोणाची विवाहित बायको नव्हे, ती नायकिणीची मुलगी. आणि रेवतीवर तर नाहीच. कोर्टात जिचा संशय दाखलही झाला नसता, तिला प्रहसनाने बरोबरीची फिर्यादी केले. मोलिएरच्या मुळातही बायको संशय घेतेच, हे खरे. तथापि १८९३ च्या मराठी प्रेक्षकाला ते जसे लागू पडले, तसे फ्रेंच प्रेक्षकाला पडले असेल असे वाटत नाही.

आणखी एक. देवलांच्या नाटकात संशय खोटा निघाल्याने सर्वांची सुटका होते. संशय खरा निघाला असता तर काय, हा प्रश्न ‘झुंजारराव’ही टाळतो आणि ‘संशयकल्लोळ’ही टाळतो. एकात निष्पाप बायको मरते म्हणून आपण रडतो, दुसऱ्यात निष्पाप बायको वाचते म्हणून आपण हसतो. दोन्हीकडे तिने निष्पाप असणे ही आपल्या सहानुभूतीची अट आहे.

खरा निघालेला संशय महाराष्ट्राने पाहिला तो रंगभूमीवर नव्हे, तर मुंबईच्या सत्र न्यायालयात. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने स्वतःच सारे सांगितले, आणि २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी तिच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे शिक्षा झाली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरीपद्धती या खटल्यामुळे गेली असे सर्रास सांगतात. ती त्याआधीच अनेक ठिकाणी मोडीत निघू लागली होती, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही. सिनेमावाल्यांनी मात्र या खटल्याला कधी सोडले नाही: १९६३ चा ‘ये रास्ते हैं प्यार के’, १९७३ चा ‘अचानक’, २०१६ चा ‘रुस्तम’. तिन्हींत गोष्ट आहे ती गोळी झाडणाऱ्या नवऱ्याची. उच्च न्यायालयात सरकारपक्षाची बाजू मांडणाऱ्या यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे नाव लक्षात ठेवावे. ते लवकरच पुन्हा येणार आहे.

आता ‘अस्तित्व’कडे परत. श्रीकांत रोजनिश्या चाळतो. कामानिमित्त त्याची सतत फिरती असे, आणि कोणत्या दिवशी कोठे होतो हे त्याने व्यवस्थित टिपून ठेवलेले. तारखा जुळवता जुळवता त्याच्या ध्यानात येते, की अनिकेत आपला मुलगा असू शकत नाही.

हे दृश्य पाहताना कायद्याच्या जाणकाराला १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातले कलम ११२ आठवल्यावाचून राहणार नाही. विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, हा निर्णायक पुरावा, असे ते कलम सांगे. त्याला एकच अपवाद होता. मूल राहू शकले असते अशा कोणत्याही वेळी पति-पत्नींचा परस्परांशी संपर्क होऊ शकत नव्हता, हे दाखवावे लागे. श्रीकांतच्या रोजनिश्या म्हणजे नेमका हाच अपवाद. तो कोर्टात गेलेला नाही, वकील केलेला नाही. दिवाणखान्यात बसून त्याने ते कलम स्वतःच चालविले आहे. कायद्याने हे दार इतके अरुंद ठेवले ते बायकोकरिता नव्हे, मुलाकरिता. मोठ्यांच्या भांडणात मूल बेवारस ठरू नये, हा त्यामागचा हेतू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही तोच नियम कलम ११६ म्हणून राहिला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की आईचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाच्या रक्ताची तपासणी सर्रास करता येणार नाही. श्रीकांत हा संयम पाळत नाही. मुलगा आपला नाही हे तो त्या मुलाच्या कानावर जाऊ देतो.

अदिती नाकबूल करीत नाही. इथे चित्रपट देवलांच्या दोन्ही नाटकांपासून फुटून निघतो. संशय खरा आहे, अट मोडली आहे. आता प्रेक्षकाने काय करायचे? अदिती मागचे दिवस सांगते: रिकामे घर, सदा बाहेर असलेला नवरा, नोकरी करू का म्हणून विचारले तेव्हा मिळालेला नकार, मग विरंगुळा म्हणून आलेले गाणे आणि त्याबरोबर आलेले मास्तर. नवरा परतल्यावर तिने सांगायचा प्रयत्न केला होता. मूल होणार या आनंदात त्याने ऐकून घेतले नाही. तब्बूने ही अदिती आवाज न चढवता उभी केली आहे, आणि सचिन खेडेकरांचा श्रीकांत खलपुरुष होत नाही, हे दोघांचेही श्रेय. शेवटी अदितीच्या तोंडी जे लांब भाषण आहे, त्यात दिग्दर्शक पात्राला बाजूला सारून स्वतःच बोलू लागतो असे आम्हास वाटले. मात्र व्याख्यानमालेच्या मांडवात बसून लांब भाषणाबद्दल कुरकुर करणे आम्हाला शोभणार नाही.

कायद्याची पुढची हकीकत इथेच सांगून टाकतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटासाठी जोडीदार ‘व्यभिचारात राहत असणे’ लागे. १९७६ च्या दुरुस्तीने एकच कृत्यही पुरे झाले, आणि ते नवरा-बायको दोघांनाही सारखे लागू. पण फौजदारी कलम ४९७ तसेच राहिले. १९५४ मध्ये, आणि पुन्हा १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. १९८५ चा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचा. भुलविणारा तो पुरुषच असतो, स्त्री नव्हे, हे सर्वमान्य आहे, असे त्यात म्हटले होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम एकमताने रद्द केले. त्या पीठावर धनंजय चंद्रचूड होते, आणि आपल्या वडिलांचा निकाल मागे सारणारे एक स्वतंत्र निकालपत्र त्यांनी लिहिले. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार दिवाणी कायद्यात राहिला, तुरुंग गेला.

‘अस्तित्व’ आला तेव्हा हे कलम जिवंत होते, तरी अदितीला त्याखाली काहीच झाले नसते. शिक्षा झाली असती ती मल्हारला, आणि तो मेलेला. तरीही त्या रात्री तिला शिक्षा होते, ती घराच्या न्यायालयात. अनिकेत, ज्याला तिने वाढविले, तो बापाच्या बाजूने उभा राहतो, आणि रेणुकेची कथा ऐकलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग नवा वाटत नाही. या परशुरामाला कोणी वर मात्र देत नाही. झाले ते आईलाही आठवणार आणि त्यालाही.

अदिती घर सोडते. तिच्याबरोबर निघते ती अनिकेतची वाग्दत्त वधू. जो मुलगा आईला असे वागवितो, त्याच्याशी संसार करायचा नाही, असे ठरवून ती लग्न मोडते. तिचे नाव रेवती आहे.